कनातीमागची घोडी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. तिथली माणसे घोड्यांवर जीव टाकत. वर्षातून एकदा राजाच्या मैदानावर घोड्यांचा खेळ होई. घोडी दौडत येत, कुडाची तीन कुंपणे ओलांडून जात, आणि जिंकणाऱ्या घोड्याच्या गळ्यात राजा स्वतः झेंडूचा हार घाली.

पण खेळाआधी एक सकाळ असे. तिला कोळशाची सकाळ म्हणत. त्या सकाळी सगळी घोडी मैदानाभोवती सावकाश चालवत नेत. लोक काठावर बसत. ज्याला वाटेल त्याने कापडाचा तुकडा घ्यावा, कोळसा घ्यावा, आणि घोडे जसे दिसेल तसे काढावे. नियम एकच होता. गोड काढायचे नाही, खरे काढायचे. मग ती चित्रे वेशीवर टांगत आणि सगळा गाव ती बघत जाई.

त्या राज्यात दोन भाऊ होते. आईबाप नव्हते. थोरला राजाच्या पागेतला स्वार होता. त्याची घोडी पिसोळी. पिसोळीला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवले होते. धाकटा शिकला नव्हता, त्याला अक्षर येत नव्हते, पण कोळसा हातात आला की घोडे उभे राही. डोके मात्र तापट. मनात आले की करून मोकळा, विचार नंतर.

एका वर्षी कोळशाच्या सकाळी पिसोळी चालत होती. काठावर गवत विकणारी एक म्हातारी बसली होती. ती एकदम ओरडली, "अरे लेका, घोडी मागच्या पायाने लंगडतेय तुझी! वर बसून तुला काय ढग दिसतायत का?"

सगळे हसले. थोरला लाजेने लाल झाला. खाली उतरून त्याने पाय दाबून बघितला. खुराच्या वर सूज होती. त्या वर्षी पिसोळी खेळली नाही. महिनाभर शेक, महिनाभर विश्रांती, आणि ती पुन्हा हरणासारखी धावू लागली.

एवढ्यावर भागले असते. पण धाकट्याने त्या सकाळी तेच चित्र काढले होते. लंगडणारी घोडी, आणि वर मान ताठ करून बसलेला स्वार. वेशीवर लोक ते बघून पोट धरून हसले.

थोरल्याने घरी येऊन ताट बाजूला सारले. "सख्ख्या भावाला वेशीवर टांगलंस?"

"दादा, मी घोडी काढली. तू तिच्यावर बसला होतास, त्याला मी काय करू?"

"लोकांना काय कळतं घोड्यातलं? तोंड उघडलं की झालं!"

ती बोच थोरल्याच्या मनातून गेली नाही.

पुढच्या वर्षी पागेच्या कारभाऱ्याने राजापुढे हात जोडले. "महाराज, ही चित्रं राज्याची अब्रू घालवतात. एखाद्या घोड्याच्या तोंडाला लगाम घासतो, एखाद्याला खरचटतं. लोक तेवढंच काढतात आणि पागेला नावं ठेवतात. कोळशाची सकाळ कनातीच्या आत करू. चित्र काढायचंच तर दरबारच्या चित्रकाराने काढावं, तेही हार घातल्यावर."

राजाने स्वारांना विचारले, "तुमचं काय म्हणणं?"

होकाराचा पहिला हात वर गेला तो थोरल्याचा.

हे सांगताना जड जाते. पण तो हात त्याचाच होता.

मग मैदानाभोवती उंच, जाड कापडाची कनात लागली. बाहेर पहारेकरी उभे राहिले. वेस मोकळी पडली. हार घातलेल्या घोड्यांची रंगीत चित्रे राजवाड्यात लागली. त्या चित्रांत एकही घोडे कधी लंगडले नाही, एकाच्याही तोंडाला फेस नव्हता. लोक म्हणू लागले, आपली घोडी किती सुखात आहेत.

कनातीच्या आत काय झाले, ते कोणी एका दिवसात केले नाही. आधी एक लगाम थोडा घट्ट झाला. कोणी काही म्हटले नाही. मग एका सुजलेल्या पायावर लेप लावून वर लाल फडके बांधले. कोणी काही म्हटले नाही. थोरला वाईट माणूस नव्हता. पिसोळीला खाऊ घातल्याशिवाय तो जेवत नसे. पण जिथे कोणी बघत नाही तिथे माणूस स्वतःलाही बघायचे सोडतो.

कनात लागल्यापासून तिसऱ्या वर्षी कोळशाच्या सकाळी धाकटा कनातीला कान लावून बसला. बघायची बंदी होती, चित्राची बंदी होती. घोडी चालत होती. टापा तो ओळखत होता. पिसोळीच्या टापा आल्या. टप, टप, टप, आणि चौथी जरा उशिरा. पुन्हा तसेच. चौथी उशिरा.

तो ओरडला, "दादा! मागचा उजवा!"

पहारेकऱ्याने त्याचा दंड धरला. "ए, ऐकायचं तर ऐक. बोलायचं नाही."

कनातीच्या आतून थोरल्याचा आवाज आला. "लेप लावलाय. आजचा एक दिवस निघतो."

"दादा, उतर! पाय बघ तिचा!"

"इथे कोणी बघत नाही, तू कशाला ऐकतोस? जा घरी. घरी बोलू."

घरी बोलू. दोघा भावांमधले हे शेवटचे शब्द.

दुपारी कनातीच्या आतच खेळ झाला. ढोल वाजत होते. पिसोळीने पहिले कुंपण ओलांडले. दुसरे ओलांडले. तिसऱ्याला तिने अंग उचलले, पण मागचा उजवा पाय उठला नाही. ती कुंपणासकट कोसळली. थोरला तिच्या खाली सापडला.

गोष्टींमध्ये जनावरे बोलतात. ही घोडी बोलली नाही. तिला बोलता आले असते तर तिने सकाळीच सांगितले असते.

धाकटा पहारेकऱ्यांना ढकलून आत धावला. थोरल्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत काही नव्हते. पिसोळी श्वास ओढत होती. धाकट्याने भावाचा हात एका हातात धरला आणि दुसरा हात घोडीच्या मानेवर ठेवला. उन्हे कलली तेव्हा तिचाही श्वास थांबला.

गवतवाली म्हातारी आली. या वेळी ती काही ओरडली नाही. तिने हिरव्या गवताची एक पेंढी पिसोळीच्या तोंडापाशी ठेवली आणि पदर डोळ्यांना लावून बसली.

राजा आसनावरून खाली उतरून आला. "असं कसं झालं? कोणाच्याच लक्षात आलं नाही?"



धाकटा उठला. चुलीतल्या कोळशाचा तुकडा अजून त्याच्या कमरेला असायचा, तीन वर्षे वापरला नव्हता तरी. तो कनातीपाशी गेला आणि त्या जाड पांढऱ्या कापडावर त्याने एक पाय काढला. पिसोळीच्या पायावरचे लाल फडके सोडले असते तर दिसला असता तसा. सुजलेला, वाकलेला, जमिनीला नीट न टेकणारा.

"महाराज," कारभारी पुटपुटला, "चित्र काढायला बंदी आहे."

राजाने त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. तो त्या पायापुढे आला. मग त्याने विचारले, "तुला आधी कळलं होतं?"

"मला ऐकू आलं होतं," धाकटा म्हणाला. "म्हातारीला दिसलं असतं. तिने पुन्हा चारचौघांत शिवी घातली असती. माझा दादा पुन्हा लाजला असता, माझ्यावर चिडला असता, जेवला नसता. आणि आज जिवंत असता."

त्याच संध्याकाळी राजाने कनात उतरवली. चित्र होते तेवढा तुकडा कापून वेशीवर लावला. कोळशाची सकाळ पुन्हा उघड्यावर भरू लागली, आणि त्या पायाखालून गेल्याशिवाय एकही घोडे मैदानात जात नसे. म्हातारी काठावर बसून पुन्हा ओरडू लागली. स्वार लाजत, चिडत, आणि उतरून पाय बघत.

धाकटाही दर वर्षी काठावर येऊन बसे. पण चित्र काढायचा नाही. डोळे मिटून टापा मोजायचा. चौथी वेळेवर पडली की पुढच्या घोड्याकडे कान वळवायचा.

कनात निघाली. थोरला मात्र घरी बोलायला आला नाही.

बोध: ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याला लोकांच्या नजरेआड करू नये.