घोडीखालची चकती

वाद्यं आपसात बोलायची त्या काळी इनासबाबांकडे फुगीर पोटाची एक जुनी गिटार होती. बँडच्या गलक्यात तिचा आवाज बुडू लागला, तशी आपल्याला आता कायमचं खुंटीवर टांगतील अशी भीती तिला वाटू लागली. मग बाबांनी तिच्या तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीखाली बटणाएवढी चकती बसवली आणि तिची वायर स्पीकरला जोडली.

"म्हणजे आता माझ्याऐवजी तू बोलणार," गिटार रुसून चकतीला म्हणाली आणि तिने अंग आखडून घेतलं. कार्यक्रमाच्या मांडवात बाबांनी तार छेडली, पण स्पीकर मुकाच राहिला.

"आजी, मला कुठला आवाज?" चकती म्हणाली. "तू थरथरलीस तरच मी ते पुढे पोचवणार."

गिटारने हळूहळू अंग सैल सोडलं, तसा तिचा सूर स्पीकरमधून मांडवभर घुमला. मांडवाच्या शेवटच्या रांगेत बाबांची म्हातारी बायको पेंगत होती. ती डोळे मिटूनच शेजारणीला म्हणाली, "आमच्या लग्नात वाजलेली, तीच ही."