आवडाईचं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी आवडाई नवऱ्याबरोबर गलबतातून परमुलखाहून आमच्या धामणकोंडाला परतली. तिला वाटलं होतं, जत्रेचे ढोल खाडीतूनच ऐकू येतील. ऐकू आला तो कोयत्यांना धार लावल्याचा आवाज. देवळाला दोन कुलपं होती, एक वरच्या वाडीचं, एक खालच्या वाडीचं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून घरं जळली होती, माणसं मेली होती.

वरच्या वाडीचा म्होरक्या तिचा सख्खा भाऊ धाकू. नवरा भिवा खालच्या वाडीचा; त्या वाडीने त्याला उतरल्या उतरल्या पुढे उभं केलं. ओहोटी लागली की खाडीच्या पात्रात शेवटची लढाई ठरली होती.

पाणी ओसरलं, दोन्ही वाड्या कोयते घेऊन समोरासमोर आल्या, तशी आवडाई पात्रातल्या खडकावर मधोमध जाऊन बसली.

"आवडे, बाजूला हो!" धाकू ओरडला.

"होते, दादा. आधी गाऱ्हाणं घाला."

गाऱ्हाण्याची रीत जुनीच. एकाने देवापुढे दुःख सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. आवडाईने ती उलटी केली. धाकूने खालच्या वाडीचं दुःख सांगायचं, भिवाने वरच्या वाडीचं. आणि ज्यांचं दुःख, त्यांना पटलं तरच 'व्हय' म्हणायचं.

"खालच्या वाडीवाले लय माजले, महाराजा!" धाकूने सुरुवात केली.

कुणीच 'व्हय' म्हणेना.

"हे गाऱ्हाणं की शिवी रे, दादा?" आवडाई म्हणाली. दोन्हीकडचे हसले.

धाकू किती तरी वेळ चुकत राहिला. असं म्हणतात, तोवर भरतीचं पाणी खाडीच्या तोंडाशी खोळंबून राहिलं.

शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "आम्ही पेटवलेल्या घरात भिवाची आई होती, महाराजा."

"व्हय महाराजा," भिवा म्हणाला, आणि त्याच्या हातातला कोयता खाली गेला.

मग भिवाने आपल्या माणसांना विचारून विचारून वरच्या वाडीची मेलेली माणसं नावानिशी सांगितली, आणि प्रत्येक नावाला वरच्या वाडीचं 'व्हय' आलं. मग अटी ठरल्या. खांदा आळीपाळीने. ज्याने घर जाळलं, त्याने ते बांधायचं. कुणालाच सगळं मिळालं नाही, म्हणूनच ते टिकलं. दोन्ही कुलपं निघाली आणि मगच पाणी चढलं, असं म्हणतात.

रात्री दोन्ही वाड्या म्हणाल्या, "आता दरवर्षी गाऱ्हाणं तूच घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाईने ठरवलं ते सांगितलं: "मी नाही घालणार. मी गेल्यावर काय कराल? एकमेकांचं तुम्हीच घाला."

आजही जत्रेला वरची वाडी खालच्या वाडीचं गाऱ्हाणं घालते, खालची वरच्या वाडीचं. 'व्हय' आल्याशिवाय पालखी उठत नाही. धामणकोंडाची पालखी उशिरा निघते, म्हणून आसपासची गावं हसतात. हसू देत. ती पुन्हा कधी रक्तात भिजलेली नाही.