गेनबाची पारख

एका माळावरच्या गावात गेनबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा थांब" म्हटलं, की "आता चल" म्हणेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. सांगितलेलं तंतोतंत पाळायचा. तीच तर पंचाईत होती.

त्याची गाय गावरान. उन्हातान्हात टिकायची, पाचोळाही गोड मानून खायची. पण दूध द्यायची तांब्याभर, तेही मर्जी असली तर. म्हणून त्याच्या बायकोनं, हौसानं, त्याला गुरांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टर म्हणाले, "गेनबा, परदेशी गाय बादलीभर दूध देते, पण ऊन लागलं की धापा टाकते. तुझी टिकते, पण दूध नाही. दोन जाती मिसळल्या की दोघींचे गुण येतात. संकर चांगला."

"बरं. ध्यानात ठेवतो."

घरी आला तर ओट्यावर बियाण्याची दोन पोती. एकात ज्वारी, एकात बाजरी. गेनबानं विचार केला. ज्वारीचा दाणा टपोरा. बाजरीला पाणी कमी. झालं! दोन्ही पोती ओतली आणि फावड्यानं छान कालवली.

हौसा तीन दिवस सूप आणि चाळण घेऊन बसली. चौथ्या दिवशी तिची मान वळेना. तशाच वाकड्या मानेनं ती म्हणाली, "अहो, बियाणं कुणी मिसळतं का? एका वाणाचं म्हणजे एकाच वाणाचं हवं. सगळं सारखं दिसलं पाहिजे!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

पुढच्या बाजारी तिनं त्याला अंड्यांसाठी पाच कोंबड्या आणायला धाडलं. कोंबडीवाल्यानं डालगं उघडलं. एक काळी, एक तांबडी, एक ठिपक्यांची, एक उघड्या मानेची.

"छे," गेनबा म्हणाला. "एका वाणाचं पाहिजे. सगळं सारखं."

शेवटी कोपऱ्यातल्या डालग्यात त्याला पाच अगदी सारखे जीव सापडले. तसाच लाल तुरा, तशीच झुपकेदार शेपटी, तोच तोरा. आनंदानं घेऊन आला.

पहाटे पाचही जण एकदम आरवले. सगळी आळी उठून बसली. अंडं मात्र नाही. गेनबा आठ दिवस रोज वाकून बघत होता.

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, कोंबडे आहेत ते! नुसतं रूप बघून काही पदरात घेऊ नये. बैल घेणारी माणसं बघा, तोंड उघडून दात बघतात, चालवून बघतात, आईला दूध किती होतं ते विचारतात. पारख करावी माणसानं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

गेनबाला एक धाकटी बहीण होती, कौसल्या. आईबापांमागं त्यानंच तिला वाढवलेली. तिच्यावर त्याचा भारी जीव. तिला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी डॉक्टर गाईला वळूचं बीज सुईनं द्यायला आले.

हात धुताना म्हणाले, "एकाच रक्तात पिढ्यान् पिढ्या चालल्या की पैदास खुरटते बघ. बाहेरचं रक्त आणलं की पुढच्या वेताला वासरू कसं टुणटुणीत निघतं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. वडिलांच्या मिशांना पीळ होता. मुलगा अंगानं बेताचा, एक डोळा जरा भिंतीकडे.

गेनबा मुलासमोर बसला. "आ करा."

साखर भरवतायत असं वाटून मुलानं आ केला. गेनबानं आत डोकावून दात मोजले. "दाढ किडकी आहे. आता गोठ्यापर्यंत चालून या."

मुलगा बिचारा चालून आला. गेनबा त्याच्या आईकडे वळला. "आई, तुमच्या अंगावर दूध किती होतं?"

वडील ताडकन उठले. "अहो, हा काय गुरांचा बाजार आहे? माणसाचं घराणं बघतात! आमचं रक्त सात पिढ्या चोख. आत्याची मुलगी मामाच्या घरात, मामाची मुलगी आत्याच्या घरात. बाहेरचा थेंब शिरू दिला नाही. यंदा घरात मुलगीच उरली नाही, म्हणून तुमचा उंबरा चढलो!"

आणि ते चपला शोधायला लागले. दाराआड कौसल्या तोंडात पदर कोंबून उभी होती. रडत होती की हसत होती, कुणास ठाऊक. हौसा घाबरली. नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, पाहुणे दुखावले. जा, दोन गोड शब्द बोला. धीर द्या त्यांना!"

"बरं."

गेनबानं त्या खुरट्या मुलाकडे पाहिलं. सात पिढ्या! त्याला मनापासून कणव आली. तो मुलाच्या आईपुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला,

"आई, हा असा निपजला त्यात तुमचा काही दोष नाही. जीव लहान करू नका. पुढच्या वेताला आमच्या डॉक्टरांना बोलवा. घरी येतात, बाहेरचं चांगलं रक्त आणतात, आणि मालकांना काही म्हणजे काही त्रास पडत नाही!"