भिवरामायची शिव्यांची फेरी

ऐका, आणि मध्ये मध्ये 'मग काय झालं' विचारू नका. सांगतोच आहे.

फार फार वर्षांपूर्वी, माझ्या आजीच्या आजीला दात यायचे होते तेव्हा, सावरटोल्यात भिवरामाय नावाची कुंभारीण राहायची. तेव्हाचा वैशाख काय विचारता! असं म्हणतात, की पिंपळावरून उडालेला कावळा वडावर पोचेपर्यंत भाजून निघायचा.

गावात भजनी मंडळ होतं. भले लोक, पण भल्या लोकांना अक्कल असतेच असं कुठं आहे? त्यांनी चौकात पाणपोई घातली. भिवरामायकडून पाच रांजण आणले, वर मांडव, मांडवाला तोरण, आणि रोज संध्याकाळी बसून एकमेकांचं कौतुक. आणि त्या पाणपोईपासून वीस पावलांवर, आपल्या झोपडीत, पायांनी अधू असलेली सोनाई तहानेनं मेली.

भिवरामाय तरातरा चौकात आली. मंडळाचे मुखिया डोमाजी म्हणाले, "आम्ही काय करावं? तहानलेल्यानं विहिरीपाशी जावं. विहीर काही तहानलेल्यापाशी येत नाही."

"अन् ज्याचे पायच चालत नाहीत त्यानं काय करावं जी? विहिरीले चिठ्ठी धाडावी?" असं म्हणून तिनं भरलेला रांजण उचलून डोक्यावर घेतला. चार गडी लागायचे त्याला! "टाळ घ्या अन् चाला माह्या मागं. देवळात म्हणता तेच भजन दारोदारी म्हणा. देव काही रुसत नाही."

असं म्हणतात, की त्या दुपारी साऱ्या गावाला पाजूनही रांजणातलं पाणी बोटभर कमी झालं नाही.

पण ही म्हातारी माणसं! अहो, काय सांगू! दार वाजवून विचारावं, "बाबाजी, बरं हाये ना? पाणी देऊ?" तर आतून एकच उत्तर, "बरं हाये बापा, काहून तरास घेता?" जीव जात असला तरी हेच. लोकांना तरास नको म्हणून माणसं मरतात, आणि मग चार खांदेकरी लागतातच की! तो तरास नाही का?

भिवरामायनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून विचारणंच बंद केलं. ती दारात उभी राहून सरळ शिवी घालायची. "ए मुर्दाडा, जित्ता हायेस का मेलास?" आतून तडक यायचं, "तूच मर, मडकेफोडे!" की झालं तिचं समाधान, पाणी आत देऊन ती पुढं निघायची. ज्याच्या अंगात शिवी द्यायची ताकद आहे तो आज मरत नाही, एवढंच तिचं वैद्यक.

गावात सगळ्यांत तोंडाळ म्हातारा म्हणजे इसराम बुडा. बायको गेलेली, एकटाच गावाच्या टोकाला राहायचा. भिवरामायच्या गाढवानं त्याची वांगी खाल्ली, त्यावरून दोघांचं वीस वर्षं भांडण. त्याच्या शिव्या ऐकून डोमाजी कानांत बोटं घालायचे. एक दिवस भर दुपारी तिनं त्याच्या दारात ठेवणीतली शिवी घातली, आणि आतून हळूच आवाज आला, "ये व माय, बस. थकली असशील."

मंडळी हरखली. डोमाजी म्हणाले, "पाहा, भजनानं बुडा सुधरला!"

"सुधरला नाही, मरून राहिला तो!" भिवरामाय किंचाळली, आणि एका लाथेत तिनं सागवानी कवाड आडवं केलं.

इसराम भिंतीशी पडला होता. डोळे फिरलेले, अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. कोणी तरी त्याच्या तोंडाशी तांब्या नेला, तर तिनं हात झटकला. "शुद्ध नाही त्याले, ठसका लागून मरन! अंगावर ओता!" त्याला उचलून निंबाखाली आणलं. घागरीमागून घागरी ओतल्या. असं म्हणतात, की पहिल्या सात घागरींची छन्न करून वाफच झाली. ओल्या धोतरांनी वारा घालून घालून मंडळींचे हात गळाले. आणि ती भांडकुदळ बाई त्याच्या उशाशी बसून रडत होती, ओरडत होती, "दे ना रे शिवी! एक तरी दे! आता मी कोणाशी भांडू?"

ऊन कलायला लागलं तेव्हा इसरामचे ओठ हलले. सारं गाव वाकलं.

"माह्यी वांगी..." तो पुटपुटला, "चोरटे..."

असा टाळांचा गजर गावानं त्याआधी कधी केला नव्हता.

भिवरामायला जाऊन किती वर्षं झाली, कोणालाच ठाऊक नाही. पण अजूनही वैशाखात बारा वाजले की आमचं भजनी मंडळ डोक्याला ओलं फडकं बांधून निघतं. एकट्याच्या, आजाऱ्याच्या, बाळंतिणीच्या दारात थांबतं, 'भिवरामायच्या नावानं' म्हणतं आणि कचकचीत शिवी घालतं. उलटी शिवी आली तर पाणी देऊन पुढं जातं. गोड उत्तर आलं तर कवाड मोडतं.

दोन सालांमागं एक निवृत्त मास्तर इथं राहायला आले. अठ्ठ्याहत्तरीचे, एकटे, जन्मात कोणाला 'अरे' म्हणाले नाहीत. किती वेळा समजावलं त्यांना! तरी रोज दुपारी आतून तेच, "मी ठीक आहे, आपण कसे आहात?" लागोपाठ तीन दारं गेली. चौथ्या दिवशी मंडळानं शिवी घातली, आणि आतून आलं, "चालते व्हा, नालायकांनो!"

सुतार सोडून सारं गाव खूश झालं.