काठीला दाखवलेले सोने

त्या खोऱ्यात जमिनीतून मीठ वर येत होते. आधी ते डबक्यांच्या काठाला पांढऱ्या रेघेसारखे दिसले, मग मुळांना लागले, आणि आता बिळांच्या भिंतींवर त्याची पापडी धरू लागली होती. कंद कडू निघत. तरी प्राणी तिथेच राहत होते, कारण बाहेर जायला एकच खिंड होती आणि खिंडीत रानकुत्र्यांचा पहारा होता. पलीकडची माती गोड होती. जो सोने आणील त्याला पिल्लांसकट पलीकडे सोडत. रानकुत्रे कोणाच्या अंगावर धावून जात नसत. आणलेली वस्तू ते एका काळ्या दगडावर घासत, दगडाकडे पाहत आणि नकारार्थी मान हलवत. एवढेच.

खोऱ्यात सोने आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती, कारण त्यातले थोडे त्यांच्याकडे होतेच. थोरल्या घोरपडीच्या ढोलीत एक पिवळा गोळा ठेवलेला असे. तो कोणी आणला हे कोणाला ठाऊक नव्हते. तो खिंडीत नेण्याचा विचारही कोणी करत नसे. तो गेला तर सोने कसे असते हे पुढच्यांना कळणार कसे, असे घोरपड म्हणे आणि ते सर्वांना पटे. वर्षभरात गोळा हिरवा पडे. थंडी संपताना घासणीचा दिवस येई. घराघरांतून चिंच येई, पिल्लांना ओळीने बसवत, आणि गोळा एका पंजातून दुसऱ्या पंजात फिरत राही. उन्हे कलेपर्यंत तो असा चकाकू लागे की म्हाताऱ्यांना भरून येई.

“पाहिलंत?” घोरपड म्हणे. “सोन्याला मेहनत लागते.”

येसू नावाची एक साळिंदर दरवर्षी सर्वांत जास्त चिंच आणी. तिच्या पिल्लाचे तळवे मिठाने फाटले होते आणि त्याचे काटे मुळाशी मऊ होऊन गळत होते. त्याच्या थोरल्या बहिणीचे असेच झाले होते. ती गेली तेव्हा तिच्या अंगावर एकही काटा उरला नव्हता. येसू रोज सकाळी पिल्लाच्या अंथरुणातले गळलेले काटे उचलून, त्याला दिसणार नाहीत अशा जागी टाकून येई.

अशात एक वानर झाडांवरून उड्या मारत खोऱ्यात आला. त्याच्याजवळ एक काठी होती. तिच्या खालच्या टोकाला थाळीएवढे चाक होते. जमिनीत धातू असला की काठी गुणगुणे. उरल्यासुरल्या गोड कंदांच्या बदल्यात वानराने ती देऊ केली. सर्वांनी आपापल्या घरातले कंद आणून त्याच्यापुढे ठेवले.

“आत्ता ही खिळ्यावर वाजेल, घोड्याच्या नालेवर वाजेल, कशावरही वाजेल,” तो म्हणाला. “एकदा तिला सोनं दाखवा. मग ती फक्त तसल्यावरच वाजेल.”

घोरपडीने गोळा पानात गुंडाळून आणला. वानराने तो हुंगला, चाटला, थोडा वेळ काख खाजवली.

“हेच ना? नक्की?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी म्हातारी घूस पुढे झाली.

“अहो पाहुणे, आमच्या आज्यांचे पंजे झिजले याच्यावर. तुम्ही काल आलात.”

“मला काय करायचंय, मावशी. काठी तुमची, सोनं तुमचं.” त्याने गोळा चाकाखाली धरला आणि कळ दाबली. काठीने एक लांब सूर काढला आणि ती शांत झाली.

मग तिची परीक्षा झाली. खिळा पुरला, काठी गप्प राहिली. नाल पुरली, तेव्हाही गप्प. गोळा पुरला आणि काठी त्यावरून फिरताच गाऊ लागली. ससे टुणटुण उड्या मारू लागले. येसूने पिल्लाला उचलून उंच धरले, म्हणजे त्यालाही दिसावे. वानर कंद घेऊन गेला तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते.

काठी एकेका घराला पाळीपाळीने मिळू लागली, आणि जुन्या उजाड गोठ्यांच्या जागी ती चांगलीच वाजली. एकाला कडी सापडली, एकाला तपेलीचा कान. घुशीला गुरांच्या गळ्यातली घंटा सापडली. घुशीने ती चिंचेने घासली आणि सगळ्यांच्या आधी खिंड गाठली.

रानकुत्र्याने घंटा काळ्या दगडावर घासली. “छान वाजते हो आजी. नातवंडांना खेळायला द्या.”

घूस परत आली ती कोणाकडे न पाहता. घोरपडीने घंटा उलटी केली आणि आतल्या लोलकाच्या खाचेकडे बोट केले. तिथे एक बारीक हिरवी रेघ राहिली होती.

“एवढ्या वयाची झालीस, आणि नीट घासता येत नाही?”

घुशीने मान खाली घातली. आपल्याच हलगर्जीपणाने झाले हे तिला पटले. त्या दिवसापासून खोऱ्यात खोदण्यापेक्षा घासण्याचाच आवाज जास्त येऊ लागला. चिंचेच्या झाडांना एक आकडा राहिला नाही. खिंडीतून परत आलेला प्रत्येकजण गुपचूप बसून आपली वस्तू पुन्हा घासू लागे.

येसूची पाळी शेवटी आली. तोवर गोठ्यांच्या जागा उकरून संपल्या होत्या, म्हणून ती पिल्लाला पाठीशी घेऊन ओढ्याच्या उगमाकडे चढत गेली. तिथवर कोणी गेले नव्हते. एका वळणावर पाणी हळू झाले होते आणि तळाशी दाट वाळू साठली होती. येसूने तिथली सगळी वाळू काठीखालून घातली. काठी वाजली नाही. तिने कळ पुन्हा दाबली, चाक पुसले, काठावरून, मधून, परत काठावरून काठी फिरवली. मग ती नुसतीच उभी राहिली.

पिल्लू तोवर वळणाच्या पाण्यात शिरले होते. गार पाण्याने तळव्यांची आग थांबली म्हणून ते बऱ्याच दिवसांनी खेळत होते. ते बाहेर आले तेव्हा त्याच्या पायांना, पोटाला, उरलेल्या काट्यांच्या मुळांना पिवळे कण चिकटले होते. कोण जाणे केव्हापासून पाण्यात पडलेले ते कण, पण त्यांच्यावर हिरवा ठिपका कुठे नव्हता.

“आई, हे बघ ना.”

येसूने पाहिले. तिने काठी उचलली आणि चाक पिल्लाच्या एकेका पंजापाशी हळूहळू फिरवले. काठी गप्प होती.

“चिखल आहे,” ती म्हणाली. “वाजली का काठी? नाही ना? चल, इकडे ये. उद्या खिंडीत जाऊन विनवणी करून पाहू. असा मळका दिसलास तर ते काय म्हणतील?”

तिने त्याला पाण्यात उभे केले आणि धुवायला घेतले. कण इतके जड होते की नुसत्या पाण्याने वाहून जाईनात. मग तिने फाटलेल्या तळव्यांना दुखणार नाही अशा बेताने पानाने एकेक बोट चोळले. पिल्लू गुदगुल्यांनी हसत होते. सुटलेले कण प्रवाहात जराही न रेंगाळता सरळ खाली जात होते आणि तळाशी जाऊन चमकत पडत होते. पिल्लू स्वच्छ होईपर्यंत येसू थांबली नाही.