साहेबांच्या कानावर साकव

बुधवारी सकाळी अकरा वाजता बांधकाम खात्याच्या कचेरीत एका माणसाने साहेबांच्या कानावर अर्ज ठेवला.

माणसाचं नाव बाळकू. कातळवाडी नावाच्या गावातला हा भोळा गडी. बायकोचे, सावित्राचे, आषाढात दिवस भरणार होते. दवाखाना ओढ्यापलीकडे, आणि आषाढात ओढा छातीपर्यंत. गावाला साकव हवा होता, माणसांपुरता छोटा पूल. निवृत्त शिक्षिका कुसुमबाईंनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि बाळकूला सांगितलं, "तुझीच बायको अडलीय. तूच जा. हे साहेबांच्या कानावर घाल."

बाळकूने घातलं. कागद घसरला, त्याने परत ठेवला. तिसऱ्यांदा शिपायाने त्याला बाहेर काढलं.

"अरे शहाण्या!" बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसापुढे हात जोडावेत. म्हणावं, 'हे सगळं आपल्यामुळेच झालं. उपकार विसरणार नाही.' मग मागणं मांडावं."

बाळकू आमदारांकडे गेला. त्याच दिवशी आमदारांचे वडील वारले होते. अंगणात माणसं बसली होती. बाळकूने हात जोडले.

"हे सगळं आपल्यामुळेच झालं. उपकार विसरणार नाही."

अंगण गार. आमदारांचा सावत्र भाऊ तेवढा मान डोलावत होता.

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "अशा वेळी मान खाली घालावी. म्हणावं, 'फार वाईट झालं. गेलेलं काही परत येत नाही.'"

बाळकूने पाठ केलं.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला. त्यात कातळवाडीच्या साकवाला पैसे! आमदार ताशे घेऊन चौकात आले, ठेकेदार पेढे वाटत होता. बाळकू मान खाली घालून पुढे झाला.

"फार वाईट झालं, साहेब. गेलेलं काही परत येत नाही."

ठेकेदाराला ठसका लागला. "ह्याला कुणी सांगितलं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "बाळकू, समोरचा हसत असेल तर आपणही हसावं. म्हणावं, 'फार छान झालं. असंच कायम राहू दे.'"

ज्येष्ठ उजाडला. ओढ्यावर एक दगडही पडला नव्हता. बाईंनी एका आमदारबाईंना पत्र लिहून विधानसभेत प्रश्न विचारायला लावला. सरकारचं लेखी उत्तर आलं: साकव पूर्ण झाला असून वापरात आहे. बाई कडाडल्या. पुन्हा पत्रं, पुन्हा फोन. शेवटी तपासणी लागली.

तपासणीचे साहेब सांगितल्या वेळेच्या दोन तास आधीच आले. बाई तालुक्याला गेलेल्या. ओढ्यावर बाळकू एकटा.

"साकव नाही इथे?" साहेबांनी हसून विचारलं.

"नाही, साहेब."

"लोक पाण्यातूनच जातात?"

"होय, साहेब."

"मग तुमचं म्हणणं काय?"

साहेब हसतच होते. बाळकूही हसला.

"फार छान झालं, साहेब. असंच कायम राहू दे!"

साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. खाली बाळकूची सही घेतली. वर शेरा मारला: ग्रामस्थ समाधानी. तक्रार नाही. प्रकरण बंद.

आषाढात चौघांनी सावित्राला खाटेवर घालून छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सरकारी उत्तराप्रमाणे त्या दिवशी साकव वापरात होता. कोण वापरत होतं, हे खात्याने अजून सांगितलेलं नाही.