शृंगराजाची उडी

त्या माळावर शेळ्यांचं राज्य होतं, आणि त्या राज्यातलं गवत संपत आलं होतं. दरीच्या पलीकडे हिरवंगार कुरण होतं. ते सगळ्यांना दिसायचं, पण मधली दरी पाहिली की भल्याभल्यांचे पाय लटपटायचे.

शेळ्यांना एकच गोष्ट तोंडपाठ होती, ती शृंगराजाची. फार पूर्वी कळप पलीकडेच राहायचा. तिकडे दुष्काळ पडला, तेव्हा शृंगराज नावाचा बोकड ‘भिऊ नका, मी आहे!’ असं गरजला आणि एका उडीत दरी ओलांडून इकडे आला. बाकीचा कळप त्याच्या मागोमाग कसा आला, हे कुणी विचारत नसे. असले प्रश्न विचारणाऱ्या करडांना लवकर झोपवत.

राज्याचा जो कोणी प्रमुख होई, त्यानं शृंगराजासारखं दिसायचं असा रिवाज होता. त्याच्या डोक्यावर बाभळीच्या लाकडाची दोन अवाढव्य शिंगं वेलीनं आवळून बांधत. ओझ्यानं मान मागे जाई, हनुवटी वर होई, आणि प्रमुखाला आभाळाखेरीज काही दिसेनासं होई. याला माळावर रुबाब म्हणत. रोज सकाळी ‘भिऊ नका, मी आहे!’ एवढं ओरडलं की प्रमुखाचं काम संपलं. पोटभर गवत होतं तोवर हे सगळं झकास चाललं होतं.

यंदा मात्र उडी मारावी लागणार, हे उघड झालं. त्याबरोबर जुन्या प्रमुखाला एकदम आठवलं की आपलं वय झालं आहे. नवा प्रमुख निवडायला बैठक बसली, तर एकाचा गुडघा दुखत होता, दुसऱ्याच्या घरी बाळंतपण होतं आणि तिसऱ्याला कालपासून चक्कर येत होती. शेवटी काबरी नावाच्या शेळीची एकमतानं निवड झाली, कारण ती एकटीच बैठकीला हजर नव्हती. बिचारी दोन करडांसाठी मूठभर पाला शोधत लांब गेली होती.

परत आली तर डोक्यावर शिंगं! पहिल्याच दिवशी ती वारुळावर आदळली. दुसऱ्या सकाळी ‘भिऊ नका’ म्हणताना तिचा आवाज असा चिरकला की करडं खिदळायला लागली. दाढेबुवा नावाचा म्हातारा बोकड होता, रिवाजाचा मोठा जाणकार. त्यानं कपाळाला पाय लावला. “काबरे, आवाज पोटातून काढ. शृंगराज काय असा बोलायचा?”

“पोटात काही असेल तर निघेल ना, दाढेबुवा,” काबरी म्हणाली.

ती खरंच घाबरली होती. दरीला नव्हे, इतर कशालाच नव्हे, तर आपल्या करडांच्या गप्प बसण्याला. तिचं दूध आटलं होतं. धाकटं करडू आता लुचायचंही बंद झालं होतं. नुसतं कुशीला टेकून पडायचं. अजून चार दिवस, फार तर पाच, एवढं तिला कळत होतं.

उडीचा दिवस ठरला. आदल्या दुपारी काबरी साळुंकीकडे गेली. शृंगराजाची गोष्ट सांगायचं काम साळुंकीच्या घराण्याकडे होतं.

“बाई, एवढंच सांग,” काबरी म्हणाली, “उडी मारायच्या आधी तो किती पावलं मागे गेला होता?”

साळुंकीनं इकडेतिकडे पाहिलं. “कुणाला सांगणार नाहीस ना? अगं, उडी कसली डोंबलाची! माझ्या पणजीनं पाहिलंय त्याला. तो दरीत उतरला. एकेक दगड हुंगत, पायानं चाचपत. तीन दिवस लागले मेल्याला. दर दहा पावलांवर थांबायचा आणि मागच्यांना म्हणायचा, ‘मला भीती वाटतेय, तुम्हाला काही सुचतंय का?’”

“मग गोष्टीत हे का नाही?”

“तीन दिवस दगडच हुंगतोय म्हटल्यावर ऐकणारे पेंगायचे गं. म्हणून आजीनं ते तीन दिवस काढले आणि तिथं एक उडी टाकली. तेव्हापासून गोष्ट काय रंगते म्हणून सांगू!”

काबरी हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं परत आली.

सकाळी सगळं राज्य दरीच्या काठावर जमलं. काबरीनं खडकावर डोकं घासून वेल तोडली आणि शिंगं खाली पाडली. कित्येकांनी प्रमुखाचे डोळे आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

“मला उडी जमायची नाही,” ती म्हणाली. “माझे पाय बघा कसे कापतायत. मी उतरून बघते. दगड पक्का लागला की हाक मारीन. नाहीच लागला, तर तुम्ही दुसरं काही सुचवा.”

“शरम!” दाढेबुवा कडाडला. “शृंगराज असं कधी बोलला होता का?”

“बोलला होता!” फांदीवरून साळुंकी ओरडली आणि लगेच पानांत लपली.

काबरी उतरली. पहिलाच दगड सुटला, ती हातभर घसरली आणि वर बघून म्हणाली, “हा नको. डावीकडून या.” जे तिच्यासारखेच घाबरले होते, ते आधी उतरले. दरीच्या तळाशी नाल्याजवळ ती अडली, तेव्हा एका लंगड्या शेळीला कपारीतली वाट दिसली. लंगड्या पायाला चढाची पारख जास्त असते. काबरी बाजूला सरली आणि म्हणाली, “तू हो पुढं.” पुढे आणखी कुणाला वाट दिसली, मग तिसऱ्याला. दाढेबुवा तेवढा काठावर उभा राहून कुणी तरी उडी मारील म्हणून वाट बघत होता. सगळे दिसेनासे झाले तेव्हा तोही पुटपुटत उतरला.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या सुमाराला कळप कुरणात शिरला. धाकट्या करडाच्या तोंडात कळपातल्या एका शेळीनं आपल्या तोंडातलं कोवळं गवत दिलं, आणि ते चक्क चावायला लागलं.

कुरणाच्या काठावर सगळ्यात शेवटी दाढेबुवाचं डोकं वर आलं. निम्मा वर, निम्मा खाली असा तो अडकला होता, पण नजर कुरणभर फिरत होती.

“बघा, बघा!” तो धापा टाकत ओरडला. “सगळा कळप इथं, आणि प्रमुखाचा पत्ता नाही! ऐन वेळी कुठं तोंड लपवून बसली ती?”

“तुमच्या शेपटीखाली आहे, दाढेबुवा,” खालून दमलेला आवाज आला. “मी ढकलते, तुम्ही मागचा पाय उचला.”